हिरव्या ठिपक्याची स्प्रिंग

"परत अडकली," सुभेदार म्हणाले आणि त्यांनी कार्बाइन खाली घेतली.

मी कानांवरचे मफ काढलेच नाहीत, ते काय म्हणाले ते ओठांवरूनच कळलं. काढून काय ऐकायचं होतं? बोल्टच्या फटीत रिकामी पुंगळी उभी अडकलेली मला काचेपलीकडूनही दिसत होती. सकाळपासूनची ती नववी. मी वहीत नऊचा आकडा इतक्या रागानं लिहिला की पेन्सिलीचं टोक मोडलं.

"कितव्या राउंडला?" मी टेस्टरूममध्ये जाऊन विचारलं.

"अकराव्या."

"काल सातव्याला अडकली होती."

"आन परवा तेराव्याला. मॅडम, हिचा काय नेम न्हाई. आमच्या म्हशीवानी हाय, मनात आलं तर दूध देती."

मला हसू आलं नाही. साताऱ्याच्या जुन्या एमआयडीसीतली आमची कंपनी पोलिसांच्या एका पथकासाठी नऊ मिलीमीटरची छोटी कार्बाइन बनवत होती, तिच्या नळीला पुढे सायलेन्सर होता आणि तीन दिवसांनी पोलिसांची समिती चाचणी बघायला येणार होती. त्या कार्बाइनच्या आतलं डिझाइन माझं होतं. मी तेव्हा तिशीची होते, आणि आपल्याला सगळं समजतं असं वाटायचं वय ते.

सायलेन्सर लावला की गोळीमागचा गॅस पुढे पटकन सुटत नाही, तो मागे फिरतो आणि बोल्टला, म्हणजे गोळी नळीत बसवून पुंगळी बाहेर फेकणाऱ्या सरकत्या तुकड्याला, जास्त जोरानं ढकलतो. त्या बोल्टला आवरायला खांद्याला टेकवायच्या दस्त्याच्या पोकळीत एक वजनदार दांडू असतो, त्याला बफर म्हणतात, आणि त्याच्यामागे स्प्रिंग. स्प्रिंग हलकी पडली तर बोल्ट धाडकन मागे आपटतो आणि गॅस नेमबाजाच्या डोळ्यांत येतो. भारी पडली तर बोल्ट पुरता मागे जातच नाही आणि पुंगळी दारात अडकते. माझ्याकडे तीन बफर होते आणि सात स्प्रिंगा, प्रत्येकीवर ओळखीसाठी वेगळ्या रंगाचा ठिपका. त्यांची जोडी जमवायची, एवढंच काम. एवढ्या कामात माझे चार महिने गेले होते.

चीड येण्याचं खरं कारण वेगळं होतं. जोडी मला सापडलेली होती. नवरात्र बसायच्या आदल्या दिवशी मधला बफर आणि हिरव्या ठिपक्याची स्प्रिंग घालून काटकर सुभेदारांनी दोनशे राउंड झाडले होते आणि एकदाही काही अडकलं नव्हतं. मी त्या दिवशी सगळ्या डिपार्टमेंटला पेढे वाटले. त्या जोडीचं ड्रॉइंग समितीकडे गेलं. मग दसऱ्याची सुट्टी झाली, आम्ही कामावर परतलो, तीच कार्बाइन, तोच बफर, तीच हिरवी स्प्रिंग, आणि आता ही बया पंधरा राउंडसुद्धा सरळ झाडेना.

मी काय काय करून बघितलं नाही? पिवळी घातली, तर दुसऱ्याच राउंडला सुभेदार डोळे चोळत बाजूला झाले. ही तर हिरवीहून भारी असायला हवी होती. लाल घातली, ती निळीसारखी वागली. जड बफर काढून हलका घातला, हलका काढून परत मधला. चार महिने जमवलेला माझा तक्ता एक सांगत होता आणि कार्बाइन दुसरंच करत होती. त्यात राउंड मोजून मिळायचे. समितीपुढचे दोनशे बाजूला काढले की माझ्या हातात जेमतेम दीडशे उरत होते, आणि स्प्रिंगचा दाब मोजायचं यंत्र तपासणीसाठी पुण्याला गेलेलं. माझा जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

"थोडा चा घेऊन या की," सुभेदार म्हणाले. "तवर मी हिची नळी पुसतो."

"चहानं काय होणार आहे?"

"हिचं न्हाई व्हनार. तुमचं व्हईल."

काटकर सुभेदार एकसष्ट वर्षांचे होते. एकतीस वर्षं पलटणीत काढून ते कोरेगावच्या पलीकडच्या आपल्या गावी परतले होते आणि सहा महिन्यांपूर्वी आमच्याकडे चाचणीचे नेमबाज म्हणून लागले होते. बोलायला मऊ, कामात काटेकोर. आपले मफ ते एका ठरलेल्या खिळ्यालाच अडकवायचे. त्यांच्या हातात हत्यार असलं की मला निर्धास्त वाटायचं. मी दिलेली स्प्रिंग ते न बघता दस्त्यात सरकवायचे, आणि त्यांनी सांगितलेला राउंडचा आकडा मी न विचारता वहीत लिहायची. आमचं असं होतं.

चहा मी घेतला नाहीच. बिडकर साहेबांनी बोलावलं होतं.

बिडकर आमचे प्लांट मॅनेजर. त्यांनी माझी वही उघडली, पानं चाळली आणि मिटून माझ्याकडे सरकवली.

"हत्यार तेच?"

"हो सर."

"बफर तोच? स्प्रिंग तीच?"

"तीच. हिरवी."

"मग बदललं काय?"

"तेच तर कळत नाहीये."

"मला कळतंय. सुभेदार नवरात्रात चार दिवस तापानं पडून होते. साठी उलटलेला माणूस. हातात जोर राहिला नसेल. पकड ढिली असली की असली हत्यारं अडकतात, हे तूच मला शिकवलंस ना?"

मी शिकवलं होतं. खोटंही नव्हतं ते. नेमबाजानं दस्ता खांद्याला घट्ट धरला नाही, तर सगळी कार्बाइनच मागे सरकते आणि बोल्टचा जोर वाया जातो.

"पण सर, पिवळ्या स्प्रिंगला गॅस डोळ्यांत येतो, ते पकडीनं कसं…"

"ते नंतर बघ. पुण्याहून खराडे म्हणून नेमबाज येतोय, शुक्रवारी इथं पोचेल. शनिवारी समितीपुढे तोच झाडेल. तू एक पानाचा अहवाल कर. हत्यारात दोष नाही, अडथळे नेमबाजाच्या पकडीमुळे. खाली सुभेदारांची सही घे, नाहीतर उद्या म्हणतील मला न विचारता काढलं."

मी वाद घालायला हवा होता. पण खरं सांगते, खुर्चीवरून उठताना मला सुटल्यासारखं वाटलं. दोष हातात असेल तर तो स्प्रिंगमध्ये नव्हता, आणि स्प्रिंगमध्ये नसेल तर माझ्यात नव्हता. तीन दिवस डोक्यात चाललेला भुंगा त्या एका वाक्यानं गप्प झाला. अहवाल मी वीस मिनिटांत लिहिला.

शुक्रवारी दुपारी जेवण झाल्यावर मी तो सुभेदारांपुढे ठेवला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि सगळं पान सावकाश वाचलं. मग शेवटच्या दोन ओळी परत वाचल्या.

"माझी पकड," ते म्हणाले.

"तुम्हाला ताप होता ना. होतं असं. अशक्तपणा राहतो."

"व्हय, ताप हुता." त्यांनी आपला उजवा हात उघडला, मिटला. "मॅडम, हे तुमी लिवलंय का साहेबांनी?"

"मी."

"मोजूनबिजून बघितलंय न्हवं सगळं?"

"हो," मी म्हणाले, आणि वहीकडे बोट दाखवलं. वहीत आकडे होतेच. पानंच्या पानं आकडे होते.

त्यांनी सही केली. पलटणीतली असावी तशी सरळ, नाव, हुद्दा आणि तारखेसह. मग मफ खिळ्याला अडकवले, नळी पुसायचं फडकं घडी करून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "तीन धाची येष्टी हाय. निघतो." मी "या सुभेदार" म्हणाले. फाटकापर्यंत सोडायला जायचं मला सुचलं नाही.

चारच्या सुमाराला लीलाताई टेस्टरूममध्ये आल्या. लीलाताई जंगम आमचं स्टोअर सांभाळायच्या. पन्नाशीची बाई, तोंडानं फटकळ, पण माझ्यापुढे मात्र कायम दबून. त्यांनी खिळ्याकडे बघितलं, टेबलावरच्या फडक्याकडे बघितलं.

"सुभेदार कुठं गेलं?"

"घरी. त्यांच्या हातात आता जोर राहिला नाही. उद्या दुसरा माणूस झाडेल."

"म्हंजी काढलं त्यांना?"

"लीलाताई, मला कामं आहेत. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा आणि जा."

त्या गेल्या नाहीत. तिथंच उभ्या राहिल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. मला आणखीच वैताग आला. उद्या समिती येणार आणि इथं हा एक नवा तमाशा.

"अहो, झालं काय?"

"मॅडम, ते ठिपके मी परत लावल्यात."

"कसले ठिपके?"

"स्प्रिंगांचे."

मी पेन खाली ठेवलं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची, यंत्रांची पूजा असते. त्या वर्षी मालक आणि त्यांच्या मिसेस यायच्या होत्या. माझ्या टेबलावर सगळं तेलकट, काळं पडलेलं. आदल्या संध्याकाळी मी घाईत निघताना लीलाताईंना सांगितलं होतं, "उद्या सगळं चकाचक पाहिजे. कुठं डाग दिसला तर मी ऐकून घेणार नाही." लीलाताईंनी सकाळी लवकर येऊन रॉकेलच्या बादलीत सगळं बुडवलं आणि घासलं. बफर चकाचक झाले. सात स्प्रिंगा चकाचक झाल्या. त्यांच्यावरचे रंगाचे ठिपकेसुद्धा रॉकेलबरोबर गेले.

"मला वाटलं, ट्रेच्या खाचांत हाईत तशाच ठिवल्या तर वळखू येतील," त्या म्हणाल्या. "पन पूजंला त्या पाटावर मांडायच्या हुत्या. मालकीणबाईंनी हळदकुंकू व्हायलं, फुलं व्हायली. एकीनं उचलल्या, दुसरीनं ठिवल्या. उठवताना बघते तर सगळ्या सारख्या. मग मला आठवलं तसं रंग लावलं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

लीलाताईंनी डोळे पुसले. "तुमी वरडला असता."

मी ओरडलेच असते. मागच्या आठवड्यात एका स्क्रूसाठी मी त्यांच्यावर अख्ख्या स्टोअरला ऐकू जाईल एवढी ओरडले होते. दसऱ्यानंतर मी हिरवी, पिवळी, लाल म्हणत आदळआपट करत होते तेव्हा ही बाई दाराशी यायची, माझं तोंड बघायची आणि परत जायची. मी तिला दोनदा हाकललंही होतं.

मी ट्रे पुढे ओढला. सातही स्प्रिंगा एकाच तारेच्या, एकाच लांबीच्या होत्या. फरक फक्त वेढ्यांचा, तोही अर्ध्या अर्ध्या वेढ्याचा. खऱ्या हिरव्या स्प्रिंगला साडेएकोणीस वेढे, हे माझ्याच ड्रॉइंगवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. मी हिरव्या ठिपक्याची उचलली आणि नखानं मोजायला लागले. अठराच भरले. कमी वेढे म्हणजे ताठ स्प्रिंग, म्हणजे पुंगळी अडकणारच. परत मोजलं. अठरा. मग बाकीच्या मोजल्या. साडेएकोणीस वेढ्यांची स्प्रिंग पांढऱ्या ठिपक्याखाली निवांत पडली होती. चार दिवसांत मी पांढरीला हातही लावला नव्हता, कारण माझ्या तक्त्यात ती सगळ्यात निकामी होती.

सात स्प्रिंगा मोजायला मला दहा मिनिटं लागली. एक मोजायला दीड मिनिट. चार दिवस मी राउंड मोजले, अडथळे मोजले, सेकंदाचे तुकडे मोजले, आणि हातातली स्प्रिंग मोजली नाही, कारण तिच्यावर हिरवा ठिपका होता.

त्याच संध्याकाळी बिडकरांकडे जाता आलं असतं. त्यांची गाडी बाहेर उभी होती. मी गेले नाही. उद्या चाचणी आहे, आत्ता कशाला गोंधळ, असं मी लीलाताईंना सांगितलं आणि स्वतःलाही. पण ते कारण नव्हतं. मला माझी लाज झाकायची होती. मी खरी स्प्रिंग कार्बाइनमध्ये घातली, ठिपके नीट लावले आणि घरी गेले.

शनिवारी खराडेनं दोनशे राउंड झाडले. एकही पुंगळी अडकली नाही. समितीतले अधिकारी खूश होते, एकजण तर स्वतः दहा राउंड झाडून आला. बिडकर माझ्या शेजारी उभे होते. ते वाकून हळूच म्हणाले, "बघितलंस? हात."

मी मान हलवली. आजही ती हललेली मान मला आठवते आणि अंगावर काटा येतो.

समिती गेल्याबरोबर मी स्कूटर काढली आणि कोरेगावचा रस्ता धरला. सुभेदारांचं घर विचारत विचारत सापडलं. दुपारचे तीन वाजले असतील. ओसरीवर त्यांची बायको जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत बसली होती आणि सुभेदार तिच्या शेजारी मांडी घालून सुया ओवत होते. चष्मा खिशातच होता. दोरा जिभेवर ओला करायचा, सुई उजेडाकडे धरायची, आणि एका दमात पलीकडे. ओवलेल्या सुया पोत्याच्या तुकड्यात एका रांगेत टोचून ठेवलेल्या.

"या मॅडम," ते म्हणाले. "अगं, पानी दी. झाली का चाचणी?"

"झाली. दोनशे राउंड. एकदाही अडकली नाही."

त्यांचा हात सुईवर थांबला. मग त्यांनी दोरा ओवला आणि सुई रांगेत टोचली.

"बरं झालं," ते म्हणाले. "म्हंजी हातच हुता."

"हात नव्हता, सुभेदार. स्प्रिंग होती."

मी सगळं सांगितलं. रॉकेल, पाट, ठिपके, अठरा वेढे. लीलाताईंचं नाव घेताना हेही सांगितलं की घासायचा हुकूम माझा होता आणि माझ्या तोंडाला भिऊन ती बाई गप्प राहिली. सांगून झाल्यावर मला वाटलं, आता ते हसतील. निदान त्यांच्या डोक्यावरचं ओझं तरी उतरेल. त्यासाठीच तर मी एवढ्या उन्हात आले होते.

"साहेबांना सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"नाही अजून. म्हटलं आधी तुम्हाला…"

"मला कशाला?" त्यांनी पोत्यातल्या सुयांकडे बोट केलं. "माझा हात मला ठावं हाय की. सकाळधरनं चौदा सुया ववल्या. ताप उतरल्यावर दुसऱ्याच दिशी मी ववून बघितल्या हुत्या."

"मग सही कशाला केलीत?"

बायकोनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवला आणि ती आत गेली.

"मी इचारलं हुतं," सुभेदार म्हणाले. "मोजूनबिजून बघितलंय न्हवं म्हनून. तुमी व्हय म्हनलासा. मग मला वाटलं, आपलंच काहीतरी चुकत असंल. सुई ववनं येगळं, हत्यार धरनं येगळं."

मला रडू येत होतं, पण तिथं रडायचा मला काही हक्क नव्हता. मी पाणी प्यायले. निघताना ते फाटकापर्यंत, म्हणजे त्यांच्या अंगणाच्या कुंपणापर्यंत, मला सोडायला आले.

सोमवारी सकाळी मी बिडकरांच्या टेबलावर दुसरं पान ठेवलं. त्यावर चारच ओळी होत्या. नेमबाजाची पकड योग्य होती. स्प्रिंगांवरच्या खुणा साफसफाईत पुसल्या गेल्या, साफसफाईचा आदेश माझा. बसवण्यापूर्वी वेढे मोजले नाहीत, ती चूक माझी. आधीचा अहवाल रद्द समजावा.

बिडकरांनी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, पास झालेल्या पेपरात कुणी खाडाखोड करतं का?"

"सर, त्या पेपरवर सुभेदारांचं नाव आहे."

"तुझंही येईल आता."

"येऊ दे."

आलंच. महिनाभरात ती कार्बाइन माझ्याकडून काढून घेतली आणि मला चाचण्यांच्या नोंदी ठेवायला आणि नेमबाजाला सुटे भाग काढून द्यायला बसवलं. लीलाताईंना कुणी काही बोललं नाही, एवढं मी बघितलं. सुभेदारांना मात्र त्याच सोमवारी परत बोलावणं गेलं. बिडकरांनी स्वतः फोन केला, आणि चार मिनिटांच्या त्या फोनमध्ये ते दोनदा "माफ करा" म्हणाले, हे मी दाराबाहेरून ऐकलं.

त्याच आठवड्यात गुरुवारी सुभेदार आले. मफ त्यांच्या खिळ्यालाच होते, मी कुणाला काढू दिले नव्हते. त्यांनी ते गळ्यात अडकवले, फडकं उलगडलं, हात पुढे केला. मी नेहमीसारखी हिरव्या ठिपक्याची स्प्रिंग त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी ती दस्त्यात सरकवली नाही. खिशातून चष्मा काढला, पुसला, लावला आणि अंगठ्याचं नख एकेका वेढ्यावर ठेवत मोजायला लागले. तोंडानं नाही, नुसते ओठ हलत होते. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणा नव्हता. मोजून झाल्यावर त्यांनी स्प्रिंग माझ्यापुढे धरली.

"तुमी पन मोजा, मॅडम."

मी त्यांच्यासमोर उभी राहून पहिल्या वेढ्यापासून शेवटच्या वेढ्यापर्यंत मोजलं.

"साडेएकोणीस," मी म्हणाले.

"माझं बी तेवढंच," ते म्हणाले, आणि मग त्यांनी स्प्रिंग आत घातली. त्यानंतर दोन वर्षं ते आमच्याकडे होते. मी हातावर ठेवलेली एकही स्प्रिंग त्यांनी पुन्हा न मोजता घातली नाही.